दोनला वाकायचं

उंटाचं नाक फुटल्याचा आवाज अठरा हजार रिकाम्या खुर्च्यांनी ऐकला, कारण ज्या माईकने ते फुटलं तो माईक चालू होता.

उंट म्हणजे भिंगरीच्या नाचणाऱ्यांमधला सगळ्यात उंच गडी. स्वभावाने गरीब, आणि नाचायला लागला की मान आधी नि अंग मागून येतं म्हणून हे नाव. त्याचं काम सोपं होतं. शेवटचं गाणं सुरू होताना भिंगरीच्या मागे उभं राहायचं, ‘दोन’ला उजवा हात तिच्या डोक्यावरून सपकन फिरवायचा, आणि तिने त्याच क्षणी खाली वाकून तो चुकवायचा. तिचं ते वाकणं एकेकाळी घराघरांत पोचलं होतं. शाळेच्या मैदानात पोरं वाकायची, लग्नांत पोट सुटलेले मामा आणि त्यांच्या सासवासुद्धा वाकायच्या आणि हसत वर यायच्या. ‘दोनला वाकायचं’ ही तर म्हणच झाली होती. कचेरीत वरिष्ठ चिडला, घरात बायको तापली, की लोक एकमेकांना डोळा मारून म्हणायचे, अरे, दोनला वाकायचं!

आज भिंगरी वाकली नाही. ती गर्रकन मागे वळली आणि हातातला माईक तिने उंटाच्या तोंडावर हाणला. पहिल्या फटक्यात नाक गेलं. दुसरा भुवईवर बसला आणि कातडी उघडली. तिसरा बसायच्या आत नाच बसवणारे मास्तर धावले. त्यांनी मागून तिच्या कमरेला मिठी घातली, तर तिने त्यांच्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला की साठी ओलांडलेला तो माणूस ‘आई गं’ करून खाली बसला. शेवटी चौघांनी मिळून तिला धरलं. एवढ्या वेळात ती एक शब्द बोलली नाही. नुसती नाकाने जोरजोरात श्वास घेत होती, आणि तो श्वास भिंतीएवढ्या स्पीकरांमधून सगळीकडे घुमत होता.

मग ती एकदम सैल पडली. पांढऱ्या फरशीवर उंट गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हातांची ओंजळ नाकाखाली धरून, आणि ओंजळ भरून बोटांतून गळत होती.

“हे मी केलं?” तिने विचारलं.

तिने कानांतली यंत्रं ओढून काढली, माईक खाली ठेवला आणि भिंतीला हात लावत लावत आपल्या खोलीकडे गेली.

स्टेजच्या डाव्या अंगाला, काळ्या पडद्याआड बसलेल्या कानकाकांची पाचावर धारण बसली. बाकीच्यांना वाटत होतं बाईंना वेड लागलं. काकांना तेवढी सोयही नव्हती.

एवढ्या मोठ्या स्टेजवर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून त्याच्या कानांत दोन छोटी यंत्रं बसवतात, आणि त्यांत काय सोडायचं, गाणं किती, ठेका किती, स्वतःचा आवाज किती, ते पडद्याआडचा एक माणूस ठरवतो. भिंगरीसाठी तो माणूस म्हणजे कानकाका. वय अठ्ठावन्न, डोक्यावर हेडफोन इतकी वर्षं बसलेले की तिथले केस उगवायचेच थांबले होते. तिच्या कानांत काय जातं ते जगात दोनच माणसांना कळायचं, तिला आणि त्यांना. आणि तिचा माईक जे जे ऐकायचा तेही काकांच्या हेडफोनमध्ये यायचं. खोकला, शिवी, प्रार्थना, सगळं. या कामाचा नियम एकच, सगळं ऐकायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही. काकांनी तो नियम इतका चोख पाळला होता की त्याची त्यांना आज शिसारी येत होती.

भिंगरी बावीस वर्षांची असताना तिची नाचाची गाणी गाजली. ती गाणी करायचा तिचा नवरा. त्याला सगळे साहेब म्हणायचे, तीसुद्धा. ठेका त्याचा, शब्द त्याचे, कपडे त्याच्या पसंतीचे. आठ वर्षांनी एक दिवस ती एक पिशवी आणि थोरली बहीण एवढंच घेऊन घरातून निघाली, आणि पुढची अकरा वर्षं तिने स्टुलावर बसून संथ गाणी म्हटली. जाणकारांनी माना डोलावल्या. लोक म्हणाले, पोक्त झाली. आणि या वर्षी, एकेचाळिसाव्या वर्षी, तिने जाहीर केलं की मी पुन्हा नाचाची गाणी करणार. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हातारचळ म्हणाले, गुडघे सांभाळा म्हणाले. तिने उत्तर एकच दिलं होतं, “नाच माझा होता. तो मी त्याच्या घरी विसरून आले होते.” नवी गाणी आली आणि तीन महिन्यांत व्यायामशाळांपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत वाजायला लागली. आजचा पहिला मोठा कार्यक्रम होता. संध्याकाळी सातला, अठरा हजार माणसांसमोर, आणि घरोघरी पडद्यावर.

पावणेचारला ताई स्टेजवर आली. ताई म्हणजे भिंगरीची थोरली बहीण, तिचे कपडे बघायची आणि जमेल तेवढं तिचं आयुष्यही. तोंडात टाचण्या धरूनच ती बोलत असे.

“छोटी म्हणतेय, नाच रद्द. स्टूल आणा. जुनी संथ गाणी म्हणून मोकळी होते म्हणतेय.”

“आज?” मास्तरांनी मनगटाला रुमाल बांधता बांधता विचारलं.

“आज आणि यापुढेही. म्हणतेय, माझ्या मागे कुणी उभं राहणं धोक्याचं आहे.”

“ते तर खरंच आहे,” नाचणाऱ्यांतली एक पोरगी म्हणाली. “उद्या माझं तोंड फोडलं तर? बाईंना डॉक्टरला दाखवा आधी.”

ताईने टाचण्या तोंडातून काढून हातात घेतल्या. “तुला दाखवते डॉक्टर,” ती म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. तिलाही तेच वाटत होतं. काकांना ते दिसलं.

सगळे पांगल्यावर काका आपल्या यंत्रांशी बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांचं झालं होतं. खात्री होतीच, फक्त कानांनी करून घ्यायची होती. भिंगरीच्या कानांत मघाशी जे गेलं होतं, तेच त्यांनी हेडफोनमध्ये लावलं. आधी ठेक्याची टकटक. मग एक आवाज, शांत, भरदार, घाई नसलेला.

“एक. दोन.”

काकांनी हेडफोन असे उपटून काढले की कान सोलवटला.

झालं होतं ते असं. शेवटचं गाणं हे भिंगरीचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात गाजलेलं गाणं, आणि त्याचे सुटे भाग, ढोल वेगळे, तंतुवाद्यं वेगळी, असे फक्त कानकाकांकडे एका बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या जुन्या डिस्कवर उरले होते. त्यात एक मोजणीचा भागही होता. गाणाऱ्याला सुरुवात कळावी म्हणून कानात कुणीतरी चारपर्यंत मोजतं, ते लोकांना ऐकू जात नाही. इतर ठिकाणी हे काम यंत्र करतं. इथे ते साहेबांनी हट्टाने स्वतःच्या आवाजात करून ठेवलं होतं. बायकोच्या कानातसुद्धा दुसऱ्याचा आवाज त्यांना खपत नसे.

डिस्क उघडल्यावर तो आवाज आला तेव्हा काकांनी काय करावं? पुसून टाकावा. एक कळ दाबली की संपलं. पण तो आवाज पुसायला आधी तो ऐकून कुठून कुठवर आहे ते बघावं लागतं, आणि तेवढंही ऐकायची काकांची छाती नव्हती. त्यांनी तो आपल्या हेडफोनमध्ये बंद केला. फक्त आपल्या. आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे तो नाहीच, अशा समजुतीत कामाला लागले. अठ्ठावीस वर्षं हे काम केलेला माणूस! आधीचे सगळे सराव लहान हॉलमध्ये, साध्या स्पीकरवर झाले होते. कानांतली यंत्रं आज पहिल्यांदा बसली, आणि अकरा वर्षांनी नवऱ्याचा आवाज थेट तिच्या मेंदूशेजारी येऊन मोजायला लागला.

आता तरी पुसावा. काकांचं बोट त्या कळेवर होतं. पुसला की कुणाच्या बापाला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. भिंगरी वेडी ठरेल, स्टुलावर बसेल, संथ गाणी म्हणेल, चांगली म्हणते ती. काका निवृत्त होतील. हे सगळं त्यांनी खरोखर मनात आणलं, आणि त्यांचं बोट बराच वेळ तिथे होतं.

पण एकदा झाकलेलं होतं ना त्यांनी. अकरा वर्षांपूर्वी, अशाच एका कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी, तिच्या खोलीत टेबलावर तिचा माईक चालू राहिला होता आणि काकांच्या कानावर हेडफोन होते. साहेबांचा आवाज आला, “चार मोजायच्या आत हे कपडे बदल. एक. दोन.” आणि मग फटका. मग काहीतरी कठीण वस्तू टेबलाच्या कडेवर आपटल्याचा आवाज. मग पुन्हा, “एक. दोन.” पुन्हा फटका. माणसाच्या तोंडात रक्त असताना तो ज्या तऱ्हेने ‘नको’ म्हणतो ते काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी हेडफोन काढले, तिचा आवाज यंत्रावर शून्यावर आणला आणि चहा घ्यायला गेले. कुणी विचारलं असतं तर कानावर हात ठेवले असते. कुणी विचारलंही नाही.

ती वेळेवर स्टेजवर आली. गायली. पुढचा दात तुटला होता, त्यामुळे प्रत्येक ‘स’ला बारीक शिट्टी वाजत होती. काकांनी काय करावं? त्यांनी ती शिट्टी शोधली, नेमकी पकडली आणि यंत्रावर कापून टाकली. अठरा सेकंदांत. त्या काळी लोकांना ऐकू जाणारा आवाजही त्यांच्याच हातात असायचा. कुणाला काही कळलं नाही. साहेबांनी जाताना त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि काकांना, सांगायलाही लाज वाटते, आपल्या कामाचा अभिमान वाटला होता.

काकांनी कळेवरचं बोट काढलं, लॅपटॉप काखेत मारला आणि तिच्या खोलीकडे निघाले.

दार ताईने उघडलं. आत आरसा फुटलेला होता आणि त्याच्या भोवतीचे दिवे मात्र सगळे शाबूत, त्यामुळे खोलीभर काचांचा लखलखाट होता. चंदेरी झगा फाडून दोन तुकडे करून खुर्चीवर टाकलेला. भिंगरी कपड्यांची पेटी आणि भिंत यांच्या मधल्या सापटीत जमिनीवर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. उजव्या हातावर उंटाचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

“काका, नंतर या,” ताई म्हणाली.

“नंतर माझी हिंमत होणार नाही. ताई, तुम्हीही थांबा.” काका उभेच राहिले. “बाई, तुम्हाला काही झालेलं नाही. तुमच्या कानात साहेबांचा आवाज होता. खरा. जुन्या फाइलमधला. तो मी सोडला.”

भिंगरीने मान वर केली. “खरा होता?”

“खरा होता.”

“एक, दोन?”

“एक, दोन.”

तिने डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की काकांना वाटलं, बाई आता झोपतील. “मला वाटलं माझ्या डोक्यातून आला,” ती म्हणाली. “अकरा वर्षं नाही आला, आणि आज नाचायला लागले तर आला. मला वाटलं, संपलं. हा आता कायमचा राहायला आला.” मग तिने डोळे उघडले. “सोडला म्हणजे? मुद्दाम?”

“नाही हो. मला तो ऐकवत नव्हता, म्हणून मी माझ्या कानातला बंद केला. तुमच्या कानातला राहिला.”

“तुम्हाला का ऐकवत नव्हता?”

खोलीत कुठेतरी काचेचा एक तुकडा सुटून खाली पडला. काकांनी सांगितलं. टेबलावरचा माईक, तीनदा मोजलेलं, चहा, दात, शिट्टी. मधे थांबले नाहीत आणि रडलेही नाहीत, रडायचा हक्क आपला नाही एवढं त्यांना कळत होतं.

“माहीत आहे,” भिंगरी म्हणाली.

“काय?”

“मला माहीत होतं, काका. मी स्टेजवर आले, तोंडात रक्त गिळत होते, जीभ तुटक्या दाताला लागत होती. पहिल्या ओळीत माझ्या कानात शिट्टी वाजली. दुसऱ्या ओळीत नाही वाजली. माझ्या तोंडात दात नव्हता आणि कानात होता. तेव्हाच कळलं, कुणीतरी ऐकलंय. आणि ऐकून हे केलंय.”

ती उठली. काकांना वाटलं पाणी प्यायला उठली. तिने हाताचा पंजा उघडा करून त्यांच्या डाव्या कानावर अशी सणसणीत ठेवून दिली की काका पेटीवर आदळले, पेटी उलटली, आणि कपड्यांच्या ढिगात ते एका कुशीवर पडले. तिने पायाने पेटी बाजूला केली आणि पुन्हा हात उचलला. तो वरच राहिला.

“हा त्या दिवसाचा,” ती म्हणाली. तिने तोच हात बहिणीला दाखवला. “बघितलंस ताई? जमतं मला. अगदी साहेबांसारखं जमतं. आता मोजायचं तेवढं राहिलं.”

“मूर्ख आहेस,” ताई म्हणाली. आता तिच्या आवाजात दम होता. “तो मारून झालं की जेवायला बसायचा आणि मीठ कमी आहे म्हणायचा. तुझ्या हाताला त्या पोराचं रक्त लागलंय आणि तास झाला तुला नळाखाली हात धरवत नाहीये. साहेब म्हणे! साहेब व्हायला कातडं गेंड्याचं लागतं.”

काका उठून बसले. डाव्या कानात शिट्टी वाजत होती, बारीक, एकसारखी, त्यांच्या चांगल्या ओळखीची. ही कापता येत नव्हती.

“ते वाकणं कुणी बसवलं, माहीत आहे तुम्हाला?” भिंगरीने विचारलं. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती.

“मास्तरांनी.”

“मास्तरांनी बघितलं. सराव चालला होता, साहेब समोर उभे राहून मोजत होते. दोनला मी वाकले. घरी फटका दोनलाच पडायचा ना. म्हणायचा चारपर्यंत मोजतो, चारपर्यंत कधी पोचलाच नाही. मास्तर म्हणाले, वा! हे ठेवू या. साहेब हसले. म्हणाले, ठेवा. आठ वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, काका, आणि सगळं जग त्याच्यावर नाचलं.”

ताई फाटलेला झगा उचलायला वळली आणि बराच वेळ वळलेलीच राहिली.

“लावा,” भिंगरी म्हणाली. “आणलाय ना तो लॅपटॉप? लावा. मोठ्याने.”

“बाई, नको.”

“तुम्हाला नकोच असतं. लावा.”

काकांनी लॅपटॉप उघडला. पहिल्या वेळी ‘दोन’ला तिचं डोकं आपोआप गुडघ्यांत गेलं. दुसऱ्या वेळी तिने खुर्ची उचलून भिंतीवर घातली, खुर्चीचा पाय मोडला. तिसऱ्या वेळी ती बेसिनपाशी जाऊन ओकली, आणि तोंड धुताना हातही धुतले, पाणी लाल झालं, मग गुलाबी, मग स्वच्छ. सहाव्या की सातव्या वेळी तिने हात वर केला.

“थांबा. पुढे काय म्हणाला?”

“तीन, चार.”

“इतकी वर्षं कानात वाजलं, पण दोननंतरचं मला कधी ऐकूच आलं नाही. पुन्हा लावा.”

काकांनी पुन्हा लावलं. एक भरदार, दोन भरदार, तीन जेमतेम, आणि चार म्हणताना साहेबांच्या घशात काहीतरी अडकलं होतं. घोगरं, नाकातलं, थोडंसं चिरकलेलं ‘चार’. त्या दिवशी साहेबांना सर्दी झालेली असावी.

“अगं बाई,” ताई म्हणाली, “हा तर शेंबडा आहे.”

भिंगरी हसायला लागली, आणि ताईही, आणि त्या हसण्यात रडं कुठे सुरू झालं ते तिघांनाही कळलं नाही. काका बाजूला बसून एका कानाने ते ऐकत होते.

“हा माझ्या एकटीच्याच कानात कशाला?” भिंगरीने शेवटी नाक पुसत विचारलं. “सगळ्यांना ऐकू दे. लोकांच्या स्पीकरांत सोडता येईल?”

“येईल. मोजणीची तार माझ्याच यंत्रातून जाते.”

सहाला उंट दवाखान्यातून आला. नाकावर पट्टी, भुवईवर पाच टाके, दोन्ही डोळ्यांखाली जांभळं. भिंगरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, सगळ्यांदेखत. तिने त्याला सगळं सांगितलं आणि माफी मागितली. हेही म्हणाली की तुला पोलिसांत जायचं असेल तर ताई तुझ्याबरोबर येईल.

“बाई,” उंट नाकातून म्हणाला, कारण दुसरीकडून बोलायची सोयच नव्हती, “नाचतो मी पायांनी. फक्त आज दोनला मी वाकतो.”

“नाही,” ती म्हणाली. “आज कुणीच वाकायचं नाही.”

मास्तर बाजूला उभे होते, मनगटाला रुमाल, चेहरा राखेचा. त्यांनी भिंगरीकडे बघितलं नाही. पण नाचणाऱ्यांना रांगेत उभं करून त्यांनी स्वतःच सांगितलं की ते वाकणं काढलंय, आणि कुणी सवयीने वाकलं तर माझ्याशी गाठ आहे.

सातला दिवे गेले आणि अठरा हजार गळ्यांतून जी आरोळी उठली ती काकांना एकाच कानात आली. दुसऱ्यात शिट्टी होती. भिंगरी ताईने दाभणाने शिवलेल्या झग्यात आली आणि दीड तास थांबली नाही. नवी गाणी, एकापाठोपाठ एक, ठेका असा की लोखंडी मचाण हादरत होतं. म्हातारचळ म्हणणारे कुणी असतील तर तेही नाचत होते. काका तिच्या कानांत तिचा आवाज सोडत होते, जसा होता तसा. दात तिने कधीच बसवून घेतला होता, पण ‘स’ला अजून एक बारीकशी फट उरली होती. त्यांनी ती बुजवली नाही.

मग शेवटचं गाणं. ती मधोमध उभी राहिली, मागे उंट, त्याच्या मागे बाकीचे. लोकांना कळलं कुठलं गाणं ते, आणि सगळं स्टेडियम आपोआप तयारीत उभं राहिलं, पोरं बापांच्या खांद्यांवरून खाली उतरली. काकांनी मोजणीचा आवाज वाढवायची पट्टी वर ढकलली. पूर्ण वर.

“एक,” साहेबांचा आवाज भिंतीएवढ्या स्पीकरांमधून आला. कुठल्या तरी दूरच्या शहरात, पडद्यासमोर बसून, तो माणूसही ऐकत असेल.

“दोन.”

अठरा हजार माणसं हसत खाली वाकली. एकदम, एका झटक्यात, डोक्यांवर हात धरून, आया, मुलं, पोट सुटलेले मामा. अठरा हजार पाठी. आणि त्यांच्यासमोर भिंगरी ताठ उभी होती. पट्टी बांधलेला उंट ताठ उभा होता. स्टेजवर कुणी हललं नाही.

काकांचा हात मात्र आपोआप हेडफोनकडे गेला होता. फटका येणार होता ना आता. बोटं हेडफोनला लागलीसुद्धा. काकांनी तो हात धरून खाली आणला, टेबलावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला.

तीन आलं. मग चार आलं, शेंबडं आणि चिरकलेलं, सगळ्यांना ऐकू गेलं, आणि त्याच्या पाठोपाठ माईकमध्ये भिंगरी खुदकन हसली. वाकलेली माणसं वर आली आणि गोंधळून तिच्याकडे बघायला लागली. मग ढोल वाजले आणि ती नाचायला लागली.